नोकरी कागदावर आणा, माणूस टिकेल

जळगावची एमआयडीसी घ्या, धुळ्याची अवधान घ्या, नरडाणा घ्या नाहीतर नवापूर. चार मालक चहाला एकत्र आले की कच्च्या मालाचा भाव आणि अडकलेली उधारी यांच्यानंतरचा विषय ठरलेला असतो. माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. पोरांना अंगमेहनतीची लाज वाटते, मोबाइलमधून डोकं वर निघत नाही, हजार रुपये जास्त दिसले की समोरच्या गाळ्यात जातात, नाहीतर थेट सुरतची गाडी धरतात. लहान-मध्यम कारखान्यांची हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं तयार करून देणं हे माझं काम. त्यामुळे मालकाचं हे गाऱ्हाणं मी ऐकतो, आणि ज्याच्याबद्दल ते असतं तो मुलगाही कधी ना कधी एखादा फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी येतो. दोघांचं ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. खान्देशातला कामगार आणि कारकून सोडून जातो, कारण त्याची नोकरी कुठेच लिहिलेली नसते.

हे जरा जवळून पाहू. महिन्याची दहा तारीख. संध्याकाळी मालक किंवा त्यांचा मेहुणा केबिनमध्ये बसतो आणि एकेकाला आत बोलावतो. हातात पांढरं पाकीट पडतं. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: हजेरी 26, ओटी (जादा तास) 20, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) वजा 2,000. खाली बेरीज. मुलगा पैसे मोजतो, खिशात घालतो, पाकीट चुरगाळून टाकून देतो. त्याच्या महिनाभराच्या कामाचा तेवढाच पुरावा होता आणि तो आता कचऱ्यात गेला. पुढच्या आठवड्यात तो मोटारसायकलच्या कर्जासाठी फायनान्सवाल्याकडे जातो. फायनान्सवाला तीन महिन्यांच्या स्लिपा मागतो. त्या नाहीत म्हटल्यावर व्याज वाढतं किंवा जामीनदार मागतात. घरकुलाच्या कर्जाची तर गोष्टच सोडा. चार वर्षं एकाच गाळ्यात राबलेला माणूस कागदावर बेरोजगार असतो.

त्याहून कठीण प्रसंग लग्नाचा. खान्देशात स्थळ बघायला आलेली मंडळी काय विचारतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेती किती, बागायत किती, आणि मुलगा कुठे आहे. "एमआयडीसीत आहे" असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "पर्मनंट आहे का?" इथे मुलाचे वडील अडखळतात. तोच मुलगा चाकणला ठेकेदाराकडे लागला, चौघांत मिळून एका खोलीत राहिला, भाडं आणि मेस जाऊन हातात इथल्यापेक्षा कमीच उरलं, तरी "पुण्याला कंपनीत आहे" एवढ्यावर बोलणी पुढे सरकतात. चाकणची ती नोकरीसुद्धा पक्की नसते हे मुलीच्या बापालाही ठाऊक असतं. पण तिथे गळ्यात ओळखपत्र असतं, कंपनीची बस असते, मोबाइलवर पगाराची स्लिप येते, पीएफचा मेसेज येतो. ती नोकरी दाखवता येते. अमळनेर तालुक्यातल्या एका मुलाला मी विचारलं होतं की घराजवळचं काम सोडून का चाललास. तो म्हणाला, "आठे ऱ्हाईसन काय करसू?" (इथे राहून काय करू?) आणि मग शांतपणे सांगितलं की तीन ठिकाणी बोलणी फिसकटली. मालकांशी त्याचं भांडण नव्हतं. पगारही अगदीच कमी नव्हता.

मालक लोक याला लगेच हिशेबाने उत्तर देतात, म्हणून हिशेबच मांडू. 15,000 रुपये पगाराचा माणूस धरा. पीएफमध्ये त्याचे 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात आणि मालकाचे 1,800 भरले जातात. मालकाच्या त्या रकमेतले 1,250 पेन्शनकडे आणि 550 त्याच्या खात्यात. विमा आणि प्रशासन खर्च धरून मालकाला 1,950 पडतात. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 487 रुपये 50 पैसे. एकूण वाढीव बोजा 2,440 च्या आसपास. एवढ्यात त्या माणसाला काय मिळतं? घरातल्या सगळ्यांना ईएसआयचा दवाखाना, आजारपणात रजेच्या काळात मजुरीच्या 70 टक्क्यांपर्यंत पैसे, नोकरीत असताना बरंवाईट झालं तर वारसाला 7 लाखांपर्यंत विमा, बायकोला पेन्शन. एखाद्या मालकाने स्वतःहून एवढं द्यायचं ठरवलं तर 2,440 रुपयांत त्याला त्यातलं काहीही उभं करता येणार नाही.

आता दुसरा आकडा. 15,000 पगार, 26 दिवस, 8 तास. तासाचे साधारण 72 रुपये होतात. जादा तासांना दुप्पट दर द्यायचा हा कारखान्यांचा नियम 1948 पासून आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य गाळ्यांत तो एकपट दिला जातो आणि त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतही नाही. महिन्याला 20 तास ओटी झाली तर 2,880 ऐवजी 1,440 दिले जातात. समोरच्या गाळ्यात जास्त मिळणारे हजार रुपये, ज्यांच्यासाठी पोरगं बेइमान ठरतं, त्याहून मोठी रक्कम त्याच्याच मालकाने त्याच्याच घामातून ठेवून घेतलेली असते. हे मी कुणाला टोचायला लिहीत नाही. माझ्या ओळखीचे कित्येक मालक स्वभावाने सज्जन आहेत, कामगाराच्या आईच्या ऑपरेशनला रात्री दोन वाजता पैसे काढून देणारे आहेत. पण अडचणीत मदत करणं आणि हक्काचं देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदत केली म्हणून हक्क फिटत नाही.

पटावरचा 19 हा आकडा हे आपल्या भागातलं एक मोठं दुखणं आहे. पीएफ 20 माणसांपासून लागू होतो, म्हणून कितीतरी कारखाने पटावर 19 च्या पुढे जात नाहीत. मशिनी वाढतात, ऑर्डरी वाढतात, माणसं 35 होतात, पण पट 19 चाच राहतो. बाकीचे रोजंदारीवर, ठेकेदाराच्या नावावर, किंवा बायकोच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्ममध्ये. यात पैसे वाचतात हे खरं. पण त्या 35 जणांतला प्रत्येक जण रोज बघत असतो की आपण 19 तले आहोत की बाहेरचे. बाहेरच्याने का टिकावं? त्याने उद्या सोडलं तरी त्याचं काय बुडणार आहे? दहा वर्षं पटावर काढलेल्या माणसाची 15,000 पगारावर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) 86,500 रुपयांच्या घरात जाते. हा आकडा ज्याला माहीत असतो तो सातव्या वर्षी हजार रुपयांसाठी गाळा बदलत नाही, आठवा-नववा काढतो.

इथे मालकांचा एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. "आम्ही द्यायला तयार आहोत, पोरंच नको म्हणतात. हातात किती ते बोला म्हणतात." बरोबर आहे. 15,000 पैकी पीएफ आणि ईएसआय कापून हातात 13,087 पडतात आणि 22 वर्षांच्या मुलाला गेलेले 1,913 दिसतात, साठलेले दिसत नाहीत. माझ्या टेबलापाशी हा वाद नेहमी होतो. पण त्याला ते समजावून कोण सांगणार? मी पाहिलं आहे की ज्या कारखान्यात नेमणुकीच्या दिवशी कुणीतरी पंधरा मिनिटं बसून, त्याच्याच मोबाइलवर पासबुक उघडून दाखवतं, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर कुणी तक्रार करत नाही. उलट दर महिन्याला जमा झालेली रक्कम बघायची सवय लागते. जिथे "सरकार कापतं, आम्ही काय करणार" एवढंच सांगितलं जातं, तिथे कामगाराला ती कपात चोरीच वाटते. आणि पगारपत्रकात मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकीचं भत्त्यांत टाकण्याची जी रीत होती, तिला आता नव्या कायद्याने चाप बसला आहे. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरचा भाग पगारातच धरला जातो, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं, ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते. म्हणजे मी जे मागतो आहे ती मालकाच्या मनाच्या मोठेपणाची गोष्ट राहिलेली नाही.

माणूस गेल्याने होणारं नुकसान मात्र कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनवर) मुरलेला ऑपरेटर नुसत्या वासावरून सांगतो की माल जळायला लागला आहे. कुठल्या झोनचं तापमान पाच अंशांनी खाली आणायचं, स्क्रू किती फिरवायचा, आज दाणा ओला आहे की नाही, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. तो गेला आणि त्याच्या जागी हेल्परला उभं केलं, की एखाद्या रात्रपाळीत माल डायमध्येच (साच्यातच) जळतो. पाइपवर काळ्या-तपकिरी रेघा येतात, गॅस डोळ्यांना झोंबतो, मशीन बंद करून डाय उघडावी लागते, पितळी पट्टीने जळलेला माल खरवडून काढावा लागतो. पाळी वाया जाते, विजेचं बिल चालूच राहतं, निघालेला पाइप भंगारात जातो, आणि सकाळी ट्रक दारात उभा असतो. डाळ मिलमध्येही हेच. तुरीला तेल-पाणी किती द्यायचं, किती वाळवायची, हे ठरवणारा मिस्त्री गेला की डाळीची कणी वाढते आणि चुनीचा ढीग मोठा होतो. हा सगळा खर्च आपण "घट" म्हणून मांडतो. माणूस टिकवायला लागणारे 2,440 रुपये मात्र आपल्याला खर्च वाटतात.

खान्देशात माणूस बांधून ठेवण्याची जुनी रीत म्हणजे उचल. तिच्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या कारखान्यांनी ती शेतीतून जशीच्या तशी उचलली आहे. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. शेतकरी आणि सालदार समोरासमोर बसतात. रोख किती, धान्य किती, कपडे-चपला, सणाची सुट्टी, उचल किती, सगळं तोंडी पण स्पष्ट बोललं जातं. ही रीत काही आदर्श नव्हती. उचलीपायी एकाच मळ्यात बापानंतर मुलगाही सालदारकीला जुंपला गेल्याची उदाहरणं आमच्या गावागावांत आहेत. पण त्या व्यवहारात एक गोष्ट मोलाची होती. वर्षातून एक दिवस असा होता की त्या दिवशी राबणाऱ्याला तोंड उघडून आपली किंमत सांगता यायची आणि समोरच्याला ऐकून घ्यावं लागायचं.

आपल्या कारखान्यांनी उचल घेतली आणि तो दिवस सोडून दिला. आज कारखान्यात पगारवाढ कधी होते? माणूस सोडून जातो म्हणाला की होते. म्हणजे इमानाने गप्प राहणारा पाच वर्षं त्याच पगारावर असतो आणि दर दिवाळीला राजीनाम्याची धमकी देणारा वर चढत जातो. मग धमकी देणं हाच रिवाज पडला तर दोष कुणाचा? आणि उचल दिलेल्या माणसाला आपण सुटा मानतच नाही. बहिणीच्या लग्नाला 40,000 दिले, आता दोन वर्षं कुठे जातो, असं मालक उघड बोलतात. तेवढ्याने पुरलं नाही तर शेवटच्या महिन्याचा पगार दाबून ठेवतात. हे दावं गळ्यात असेपर्यंत माणूस उभा दिसतो खरा, पण त्याचं मन कामात नसतं आणि उचल फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो दिसत नाही. नव्या वेतन संहितेप्रमाणे सोडून जाणाऱ्याचा सगळा हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा आहे. मी म्हणतो उचल जरूर द्या, अडल्या-नडल्याला दिलीच पाहिजे, पण ती कागदावर द्या, हप्ता ठरवून द्या, आणि तिच्यासाठी कुणाची वाट अडवू नका. आणि पगारवाढीचा एक दिवस ठरवा. 1 एप्रिल ठरवा, आखाजी ठरवा, काहीही ठरवा, पण त्या दिवशी प्रत्येकाला एकेकटं बसवून सांगा की वर्षभरात काय चांगलं झालं, काय कमी पडलं, आणि किती वाढ होणार आहे.

माणूस घेतानाही आपण चुकतो. आपल्याकडे जाहिरात, मुलाखत, चाचणी हे प्रकार बँकेपुरते. बाकी सगळीकडे "आपला माणूस" बघितला जातो. भाऊबंदातला, गावाकडचा, जातीतला, कुणा आप्पांनी-नानांनी पाठवलेला. ओळखीवर विश्वास ठेवणं यात वाईट काही नाही. जळगावच्या सराफ बाजारात लाखोंचा माल ज्यांच्या हातात दिला जातो ते विक्रेते अशाच पारखलेल्या घरांतून आलेले असतात, आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पाटीइतकंच त्या विक्रेत्याच्या तोंडाकडे बघून येतं. पण ओळख ही एकच कसोटी झाली की दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे आयटीआय करून आलेला, काम येत असलेला पण कुणाचाच नसलेला मुलगा दारातूनच परत जातो. दुसरी याहून वाईट. आत असलेल्या प्रत्येकाला कळतं की इथे वर जाण्याचा रस्ता नात्यातून जातो. बारा वर्षं शिफ्ट सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर एक दिवस मालकांचा भाचा सुपरवायझर म्हणून येऊन बसतो, त्याला "तू-तुकारी" करतो, चार लोकांत आवाज चढवतो. पगारवाढ न मिळाल्याने गेलेली माणसं मी पाहिली आहेत, पण चारचौघांत झालेल्या अपमानामुळे गेलेली त्याहून जास्त पाहिली आहेत. पैशाचं कारण सांगणं त्यांना सोपं जातं, म्हणून ते पैशाचं सांगतात.

सातपुड्याकडे आपली नजर का जात नाही, हा प्रश्न मला सतत पडतो. चोपडा, यावल, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातले आणि अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यातले पावरा, भिल्ल, तडवी तरुण पावसाळा संपला की ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातेत जातात. बायकामुलांसकट जातात, शाळा बुडते. आणि तिथून शे-दीडशे किलोमीटरवरचे आमचे कारखाने माणसं नाहीत म्हणून बिहार, उत्तर प्रदेशातून ठेकेदारामार्फत मजूर आणतात. विचारलं तर उत्तर येतं की बाहेरचे सुट्ट्या मारत नाहीत, शेडमध्येच राहतात, बारा तास करतात. म्हणजे ज्याला इथे घर नाही, सण नाही, नातं नाही, असा माणूस आपल्याला हवा आहे. त्या परप्रांतीय मुलांवर माझा राग नाही, तेही पोटासाठी आलेले आहेत आणि त्यांनाही हे बारा तास अन्यायाचेच आहेत. पण इथल्या माणसाला इथे टिकवायचं असेल तर त्याचं घर आणि त्याचा सण धरूनच वेळापत्रक आखावं लागेल. कानबाईच्या रोटांना, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाला, सुरतेहून गाड्या भरून माणूस गावाकडे येतो. तिथल्या मालकाने सुट्टी दिली नाही तर काम सोडून येतो. मग जळगाव-धुळ्यातल्या गाळ्याने त्या रविवार-सोमवारी मशिनी चालू ठेवण्याचा हट्ट कशाला करावा? होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा पावरा मुलगा कामावर थांबणार नाही हे वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतं. देखभालीचं काम, मशिनींचं ओव्हरहॉलिंग त्या आठवड्यात घ्या. आखाजी, पोळा, कानबाई, भोंगऱ्या यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा आणि बदल्यात इतर दिवसांची हजेरी ठाम मागा. माझ्या माहितीतल्या एका चटई कारखान्याने एवढंच केलं आणि न सांगता मारल्या जाणाऱ्या दांड्या जवळपास थांबल्या.

उन्हाचंही तेच. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, एक्स्ट्रूडरच्या शेजारी काय होत असेल याची कल्पना केबिनमध्ये एसीखाली बसून येत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग, छपरावर वाऱ्याने फिरणारे पंखे, थंड पाणी, दुपारी ताक, आणि दिवसपाळी पहाटे लवकर सुरू करणं, याला फार पैसे लागत नाहीत. एप्रिल-मे मध्ये माणसं का सोडतात याचं उत्तर पुष्कळदा लग्नसराईत नसून छपरावर असतं. आणि बायकांबद्दल तर आपण विचारच करत नाही. बारावी, पदवी झालेल्या, घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्या मुली पॅकिंगला, हिशेबाला, टेस्टिंगला यायला तयार आहेत. त्यांना स्वच्छ संडास, कुलूप लागणारी खोली आणि संध्याकाळी सहानंतर एमआयडीसीतून गावात सोडणारी गाडी हवी. एकेका गाळ्याला ती परवडत नसेल तर दहा गाळ्यांनी मिळून एक गाडी लावावी. उद्योजकांच्या संघटना वीजदर आणि रस्त्यांची निवेदनं देतात, ती द्यायलाच हवीत, पण ही गाडी लावण्यासाठी कुणाला निवेदन द्यावं लागत नाही.

आमच्या माणसाला धीर नाही, हे मी मानायला तयार नाही. 1945 साली अमळनेरला शेंगदाण्यापासून वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरातल्या कितीतरी साध्या घरांनी तिचे शेअर घेतले आणि भाव चढले-पडले तरी वर्षानुवर्षं विकले नाहीत, पुढच्या पिढीच्या नावावर केले. केळीची बाग लावणारा रावेरचा शेतकरी घडासाठी जवळजवळ वर्षभर थांबतो, वाऱ्यात बाग आडवी झाली तरी पुन्हा लावतो. हीच माणसं, यांचीच मुलं. पुढे काही आहे असं दिसलं तर ती थांबतात. आपल्या गाळ्यात त्यांना पुढे काय दिसतं, हे मालकाने एकदा स्वतःच्या मुलाच्या जागी त्यांना कल्पून पाहावं. पाच वर्षांनी हेल्पर काय होणार? त्याला कुठलं मशीन शिकवणार? आयटीआयला पाठवणार का? नेमणूकपत्रावर पद काय लिहिणार? "हेल्पर, सहायक ऑपरेटर, ऑपरेटर, शिफ्ट प्रमुख" असे चार टप्पे आणि प्रत्येकाचा पगार भिंतीवर लिहून लावला तर घरी गेल्यावर मुलाला सांगायला काहीतरी असेल.

मालकांची बाजू मला परकी नाही. माल घेऊन गेलेला व्यापारी चार-चार महिने पैसे देत नाही, लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकते करण्याचा कायदा असूनही लहान कारखानदार मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला धजावत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी कापली जाते ती कामगाराची रक्कम, कारण तो गप्प बसतो. पण तो गप्प बसून निघून जातो, आणि त्याच्या जाण्याने पुढची ऑर्डर उशिरा जाते, मग पैसे आणखी उशिरा येतात. हे चक्र कुठेतरी मालकानेच तोडायला हवं.

सध्या ते तोडायला सरकारी पैसाही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत 1 ऑगस्ट 2025 पासून घेतलेल्या वाढीव माणसामागे मालकाला पैसे मिळतात. पगार 10,000 च्या वर आणि 20,000 पर्यंत असेल तर महिना 2,000, त्याच्या वर 3,000. माणूस किमान सहा महिने टिकला पाहिजे. दोन वर्षं ही रक्कम मिळते, उत्पादन करणाऱ्या कारखान्याला चार वर्षं. 50 पेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला फक्त दोन माणसं वाढवायची आहेत. म्हणजे वर मांडलेल्या 2,440 पैकी 2,000 परत येतात. शिवाय पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या मुलाला सहा आणि बारा महिन्यांनी दोन हप्त्यांत मिळून 15,000 पर्यंत स्वतःच्या खात्यात मिळतात. मूळ अट अशी आहे: माणूस पटावर हवा, त्याचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) हवा आणि दर महिन्याचं पीएफचं चलन वेळेवर भरलेलं हवं. ज्यांचा पट 19 वर अडला आहे त्यांनी याच महिन्यात आपल्या सल्लागाराबरोबर बसून हा हिशेब करावा. ज्यांना पटावर घ्यायचं त्यांची नेमणूक 31 जुलै 2027 पर्यंत झालेली असली पाहिजे.